एकशे बारा तास

मॅकफर्सन, कॅन्सस
९ मार्च १९९७

क्लोविस, गाढवा,

पार्सल पोचलं. रेग्युलेटर इंजिनावर चढला. खोक्यातल्या भुसकटाचा ढीग बघून आर्डिथ म्हणाली, "एवढ्याशा डबीसाठी एवढं? साखर कारखान्यातला कचरा काढायला क्लोविसला आपलंच घर सापडलं का?"

मी तिला समजावलं, की पंप आंधळा असतो. त्याला ढकलणं कळतं, पुरे झालं हे कळत नाही. ही डबी इंजिनाचा श्वास ऐकते, त्याला हवं तेवढंच पेट्रोल पुढे जाऊ देते आणि बाकीचं टाकीत परत पाठवते. आत रबराचा एक पडदा, त्याच्यामागे स्प्रिंग. ही नसेल तर इंजिन एक तर उपाशी मरतं, नाही तर पेट्रोलात बुडून.

"म्हणजे मी," आर्डिथ म्हणाली.

इथले साध्या इंजिनवाले अजून माझ्या रोटरीला मिक्सर म्हणतात. पिस्टन नाही, झडप नाही, भंगारातल्या मोटारीतून काढलेली नुसती एक तिकोनी फिरकी, हिच्या भरवशावर शहाणा माणूस आकाशात जातो का, वगैरे. मी त्यांना तुझ्या विमानाचा फोटो दाखवतो. तो माझ्या कामाच्या टेबलासमोर खिळ्याने ठोकलाय. मागे तुझ्या हातचं 'शंभर तास पूर्ण!' मग तेच वाकून माझं इंजिन बघायला लागतात. घरी विमानं बांधणाऱ्या आपल्या लोकांत कितीही वाह्यात माणसं असली तरी एक रीत सगळे पाळतात: जो वस्तू बनवतो, तो आधी ती स्वतःच्या विमानाला लावून उडतो, मग दुसऱ्याला देतो. तुझे तास नसते तर मी तुझी डबी कागदावर वजन म्हणून वापरली असती.

दोन गोष्टी. एक, आमच्याकडे पंपावर मक्याचा अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुझा पडदा ते सोसेल ना? दुसरं, करार आठवतोय का? हवाई दलात आपण दोघे एकाच विमानाखाली तेलात माखून घ्यायचो तेव्हापासूनचा. एकाच्या पहिल्या उड्डाणाआधी दुसऱ्याने विमानाचं झाकण काढून सगळं बघायचं. तुझ्या वेळी तू मला न बोलावता पहाटेच उडून मोकळा झालास. तो राग मी जपून ठेवलाय. आता माझ्या वेळी ये. तुझ्याच विमानातून ये.

आर्डिथच्या डोळ्यांचं तसंच. मधोमध डाग, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर अक्षरं वाचू शकेल, फार तर दीड. तिच्या वडिलांनी धुळीच्या वादळांच्या वर्षांत शेताच्या कडेने वारा अडवायला झाडं लावली होती, एक मैल लांब. ती रांग एकदा वरून, अख्खी, बघायचीय तिला. नियमाप्रमाणे पहिले चाळीस तास मी एकट्यानेच उडायचं, मग शेजारच्या खुर्चीत माणूस. म्हणून घाई आहे.

तुझा,
व्हर्लिन

ता.क. फोन करू नकोस. दिवसभर टेलिफोनच्या खांबांवर लोंबकळणारा माणूस घरी येऊन फोन उचलत नसतो.

•

अबव्हिल, लुइझियाना
२३ मार्च १९९७

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की कारखान्यात लेथवर उभा असताना फोरमनला वाटलं मला काही चढलीय.

पडद्याची काळजी सोड. तुझं ते मक्याचं पेट्रोल मीही मुद्दाम मागवून पन्नास तास वापरलंय. काही होत नाही. माझे आता एकशे बारा तास झाले. मागच्या आठवड्यात किनाऱ्यापर्यंत गेलो होतो. खाली दलदल, वर बगळे, दाबाचा काटा चाळीसवर असा चिकटलेला की जणू रंगवलाय. आपलं रोटरीवाल्यांचं पत्रक काढणाऱ्या हॅसब्रूकने पुढच्या अंकात माझं सदर दीड पानाचं केलंय, त्यात हे सगळं येतंय. आता अकरा जणांच्या विमानांत माझी डबी आहे. ओरेगॉनपासून फ्लोरिडापर्यंत. तू बारावा, पण मनात पहिला.

येण्याचं म्हणशील तर जीव तुटतो, पण चाकाचं बेअरिंग गेलंय, आणि इकडे वारा वेड्यासारखा सुटलाय. शिवाय तुझ्या विमानात मी काय बघणार? तुझ्याइतका चिकित्सक माणूस मी पाहिला नाही. हवाई दलात तू स्वतःच्या बुटाच्या नाड्याही दोनदा तपासायचास. उड, बिनधास्त उड.

आर्डिथला सांग, भुसकट उसाचंच होतं. बागेत टाक, टोमॅटो चांगले येतात.

तुझाच,
क्लोविस

•

मॅकफर्सन
१८ मे १९९७

क्लोविस,

बावीस तास झाले. पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा आर्डिथने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "मिक्सरसारखं." मग दोघं उगाचच रडलो. हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या दीड पानात तर अजिबात नको.

एक शंका आहे. इंजिन हळू फिरत असताना दाबाचा काटा पूर्वी जिथे थांबायचा, त्याच्या चार पौंड वर थांबतोय. आठवड्यापूर्वी दोन होता. धुराड्याचं तोंडही काळं पडायला लागलंय, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. नळी बदलली, काटाही दुसरा लावून पाहिला. तसंच. मला वाटतं पडदा ताठ होतोय. उघडून बघायचं तर तुझं सील तोडावं लागेल.

तुझ्या विसाव्या-बाविसाव्या तासाला असं झालं होतं का? नीट आठवून लिही. नोंदवही बघून लिही. तुझं उत्तर येईपर्यंत विमान जमिनीवर.

व्हर्लिन

•

अबव्हिल
२४ मे १९९७

प्रिय व्हर्लिन,

घाईत लिहितोय. नोंदवही बघितली. माझाही काटा विसाव्या तासानंतर असाच चढला होता. नवा पडदा जरा आळसावतो, तिसाव्या तासापर्यंत जागेवर येतो. माझा आला. सील तोडू नकोस, मग पुन्हा जुळवणं कठीण. थोडं जास्त पेट्रोल गेलं तर इंजिन मरत नाही, फक्त खर्चीक होतं, बायकोसारखं.

उडत राहा. आर्डिथ वाट बघतेय.

क्लोविस

•

मॅकफर्सन
२९ जून १९९७

प्रिय क्लोविस,

अक्षर आर्डिथचं आहे. मोठं आहे, कारण तिला तेवढंच दिसतं. माझा उजवा हात गळ्यात बांधलाय. मी सांगतो, ती लिहिते. (मला हवं ते मीही लिहिणार आहे. — आ.)

तू ठीक आहेस ना? तू उडू नकोस. हे आधी. पत्र पुढे वाचू नकोस, जाऊन विमानाची बॅटरी काढून ठेव, मग वाचायला ये.

मागच्या शनिवारी, एकतिसाव्या तासाला, जमिनीपासून तीनशे फुटांवर होतो. अचानक काळा धूर, दाबाचा काटा खाली, आणि इंजिन दोनदा खोकून बंद. मागे वळायला उंची नव्हती. समोर डेल उन्रूचा गहू, दोन दिवसांत कापणीला येणारा. सरळ त्यात घातलं. पुढचं चाक रुतलं, पंखा मोडला, विमान नाकावर उभं राहिलं, आणि पट्ट्याने माझ्या खांद्याचं हाड मोडलं. उन्रू धावत आला. म्हणाला, "व्हर्लिन, हा गहू होता." मग म्हणाला, "तू जिवंत आहेस का?" या क्रमाने. (मी तिथेच होते. मला धूर दिसला, विमान दिसलं नाही. माझ्या डोळ्यांचा डाग नेमका त्याच्यावर होता. — आ.)

घरी येऊन डबी उघडली. डाव्या हाताने, आर्डिथने पकडून. पडदा दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगलेला, मधे नखाएवढी चीर. पेट्रोल इंजिनात मापाने जायच्या ऐवजी श्वासाच्या नळीतून सरळ ओतलं गेलं. बुडून मेलं बिचारं. माझ्या मते ही अल्कोहोलची करणी आहे.

आणि मग माझ्या अंगावर काटा आला. तुझाही पडदा हाच, तूही हेच पेट्रोल वापरलंस, आणि तू एकशे बारा तास दलदलीवरून हिंडतोयस, जिथे खाली उन्रूचा गहूसुद्धा नाही. मी फोन केला, क्लोविस. मी. चार वेळा. कुणी उचलला नाही.

आणखी नऊ तासांनी आर्डिथ शेजारच्या खुर्चीत असती. (हे मी लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तो पुन्हा पुन्हा तेच सांगतोय, म्हणून लिहिलं. — आ.)

तुझा पडदा उघडून बघ आणि लगेच कळव. अकरा जणांनाही सांग.

व्हर्लिन

•

अबव्हिल
८ जुलै १९९७

प्रिय व्हर्लिन, प्रिय आर्डिथ,

देवाची कृपा म्हणून वाचलास. फोन खराब होता, कंपनीला कळवलंय. तुझीच माणसं, तू त्यांना ओळखतोस.

मी माझी डबी उघडून पाहिली. पडदा अगदी कोवळा, जसा बसवला तसा. त्यामुळे मित्रा, रागावू नकोस, पण मला वाटतं दोष डबीत नाही. श्वासाच्या नळीवरची पट्टी सैल असेल. किंवा जोडाला लावलेला चिकट मसाला आत गेला असेल आणि त्याने रबर खाल्लं असेल. आर्डिथसाठी तू घाईत होतास, हे तूच लिहिलं होतंस. घाईत माणसाचं राहून जातं, त्यात लाज कसली?

अकरा जणांचं म्हणशील तर त्यांना उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. तरी दुसऱ्या कुणाची अशी चूक होऊ नये म्हणून मी हॅसब्रूकला दोन ओळी लिहिल्यात. तुझं नाव आदराने घेतलंय.

लवकर बरा हो.

क्लोविस

•

मॅकफर्सन
२७ जुलै १९९७

मिस्टर गिड्री,

पत्रक मिळालं. दोन ओळी नव्हत्या, पाऊण पान होतं. 'कॅन्ससमधील आमचे जिवलग मित्र व्ही. एस. यांच्याकडून घरगुती अडचणीच्या घाईत राहून गेलेली एक पट्टी.' माझ्या बायकोचे डोळे तुम्ही घरगुती अडचण म्हणून छापलेत. आमच्या विमानतळावर तो अंक सगळ्यांनी वाचला. साध्या इंजिनवाले आता माझ्या इंजिनाला मिक्सर म्हणत नाहीत. माझ्यासाठी दार उघडून धरतात. ते जास्त वाईट आहे.

पट्टी घट्ट होती. उन्रू साक्षीला आहे, त्याला ती कापायला पक्कड लागली.

तरीही मी तुमच्यावर विश्वास ठेवायच्या बेतात होतो, हे सांगायला लाज वाटते. दोन रात्री मी स्वतःचेच हात तपासत होतो. म्हटलं, क्लोविसचा पडदा कोवळा आहे, एकशे बारा तासांनीही, म्हणजे माझंच काही चुकलं.

मग काल आर्डिथ वर्कशॉपमध्ये आली. ती हल्ली मोठं भिंग घेऊन फिरते. भिंतीवरची एकेक वस्तू बघते, नंतर आठवायला. तुमच्या फोटोपाशी थांबली. तुम्ही विमानाशेजारी उकिडवे बसलाय, हात टायरवर, हसताय. मागे 'शंभर तास पूर्ण!'

ती म्हणाली, "व्हर्लिन, क्लोविसच्या टायरला केस का आहेत?"

मी हसलो. भिंग घेतलं. मग हसलो नाही.

नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पहिल्या दोन-चार उतरण्यांतच ते घासून जातात. तुमच्या टायरच्या बरोबर मधल्या पट्टीवर ते सगळे उभे आहेत. शंभर तासांचं विमान, आणि चाकं अजून न्हाव्याकडे गेलेली नाहीत. मी टायर नवे घातले असतील असं म्हणून बघितलं. पण त्याच चाकांखाली सिमेंटवर धूळ आहे, आणि धुळीत विमान आत-बाहेर केल्याची एक रेघही नाही. कित्येक महिने तो फोटो माझ्या नाकासमोर होता. ज्या बाईचे डोळे जाताहेत तिला दिसलं.

मे महिन्यात मी विचारलं होतं, बाविसाव्या तासाला तुमचा काटा चढला का. तुम्ही नोंदवही बघून उत्तर दिलंत. कुठली नोंदवही?

व्हर्लिन श्रॉक

•

अबव्हिल
९ ऑगस्ट १९९७

व्हर्लिन,

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. बाकीचं पत्र मी नंतर वाचलं.

खरं आहे. एकही तास नाही.

सांगतो कसं झालं, मग काय ते ठरव. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी लोक जमणार होते. तीसेक जण, बायकांनी कोळंबीचा भात आणि केक करून आणलेला, केकवर साखरेचं विमान. मी पहाटे एकटा गेलो. म्हटलं, गर्दीच्या आधी एक फेरी मारून घेऊ. इंजिन सुरू केलं. मिक्सर छान वाजत होता. आणि माझा पाय ब्रेकवरून उठेना. अर्धा तास, व्हर्लिन. पाय माझा नव्हताच. इंजिन बंद केलं. तेवढ्यात हॅसब्रूकची गाडी आली. इंजिन गरम, पंख्याजवळ उष्ण वाफ. त्याने विचारलं, "उडालास?" मी 'हो' म्हणालो. वाटलं, उद्या खरंच उडू म्हणजे खोटं ठरणार नाही.

मग त्याने 'किती तास' विचारलं. मग लोक पत्रं लिहायला लागले. पंचवीस वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही रे. डबी मी खरंच चांगली बनवली. विमान दोरांनी खुंटांना बांधून अकरा तास चालवली, आमच्या साध्या पेट्रोलवर. ती चालली.

मे महिन्यात 'मला माहीत नाही' एवढंच लिहायचं होतं. चार शब्दही नाहीत. पण ते लिहिलं असतं तर बाकी सगळं निघालं असतं. आणि जुलैत पट्टीचं लिहिलं तेव्हा मला वाटलं, व्हर्लिन समजून घेईल. तू नेहमी समजून घेतोस.

एकच मागतो. हे हॅसब्रूकला कळवू नकोस. अकरा जणांना मीच हळूहळू, काहीतरी कारण सांगून डब्या परत पाठवायला सांगतो. आणि तो फोटो परत दे.

क्लोविस

•

अबव्हिल
१९ ऑक्टोबर १९९७

व्हर्लिन,

तुझं उत्तर नाही, पण बाकी सगळ्यांची आली. हॅसब्रूकने सदर बंद केलं. अंकात माझं नाव पूर्ण छापलं, तुझ्यासारखी आद्याक्षरं नाहीत. इथे विमानतळावर माझ्यासाठीसुद्धा आता दार उघडून धरतात. तू लिहिलं होतंस ते समजलं.

मी दुकानातला रेग्युलेटर आणून बसवलाय. पंधरा नोव्हेंबरला उडणार. खरंच. कुणाला बोलावलं नाही, केक नाही. फक्त तू ये. करार आहे आपला, पहिल्या उड्डाणाआधी दुसऱ्याने बघायचं. तू झाकण काढून बघितलंस तर माझा पाय उठेल. नाही आलास तर उठणार नाही, हे मला माहीत आहे.

क्लोविस

•

मॅकफर्सन
२ नोव्हेंबर १९९७

मिस्टर गिड्री,

'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो. एकतीस वर्षांची सवय आहे. सुटेल.

तुमचं ऑगस्टचं पत्र आलं त्याच दिवशी आम्ही अकरा पत्रं लिहिली. 'हळूहळू' हा शब्द वाचून आर्डिथने लगेच तिकिटांचं पाकीट काढलं. तिनेच पाचांवर पत्ते घातले, इतके मोठे, की पोस्टमनला वाटलं शाळेतल्या पोरांचं काम आहे. ओरेगॉनच्या माणसाचं उत्तर आलं. त्याचा काटा पाच पौंड चढला होता. त्याने तुम्हाला ऑगस्टमध्येच लिहून विचारलं होतं. तुम्ही कळवलंत, नवा पडदा आळसावतो, तिसाव्या तासापर्यंत जागेवर येतो. वर तारीख अकरा ऑगस्ट, म्हणजे मला सगळं खरं सांगून झाल्यावर. आमचं पत्र पोचायच्या आधीच्या रविवारी तो आपल्या मुलीला घेऊन उडाला होता. काही झालं नाही. त्याने तुमचं पत्र आम्हाला पाठवलंय. अक्षर ओळखीचं आहे.

तोवर माझ्या मनात तुमच्यासाठी थोडी जागा होती. पाय न उठणं मला कळतं. मीही खांबावर एकदा दोन तास अडकलोय. पाय न उठणाऱ्या माणसाला मी खांद्यावर घेऊन कॅन्ससहून लुइझियानाला चालत आलो असतो. शपथेवर सांगतो. पण ओरेगॉनचं ते पत्र पायाने लिहिलेलं नव्हतं.

माझं विमान दुरुस्त झालं. भंगारातल्या मोटारीचाच रेग्युलेटर लावला, अनोळखी माणसांनी बनवलेला, ज्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही. काटा हलत नाही. गेल्या आठवड्यात चाळीस तास पुरे झाले आणि आर्डिथ शेजारी बसली. झाडांची रांग तिला दिसली. सरळ समोर नाही, मान वळवून, डोळ्याच्या कडेने. "तीन झाडं गेलीत मधली," ती म्हणाली. मी मोजली. तीनच.

फोटो मिळणार नाही. तो भिंतीवरच आहे, खिळा तोच, भिंग मात्र शेजारी टांगलंय. कुणी येऊन आपले तास सांगायला लागला की मी भिंग हातात देतो.

पंधरा तारखेला मी येणार नाही. काय काय तपासायचं त्याची यादी सोबत आहे, दोन पानं, मला आठवलं तेवढं सगळं: नळ्या, जोड, टाकीचं श्वासाचं तोंड, चाकांची बेअरिंगं, तुमचं गेलं होतं तेसुद्धा. तुमच्या विमानतळावरच्या कुणालाही दाखवा, प्रामाणिक माणूस असला तर पुरे. एक गोष्ट मात्र यादीत नाही. खुर्चीत बसणारा माणूस. त्याची तपासणी माझ्याकडे होती. मी त्याला वर्षानुवर्षं, झाकण न काढता, पास करत आलो. ही चूक पत्रकात छापायची असेल तर छापा. ती खरंच माझी आहे.

शेवटी लिहिणार होतो, उडालात तर कळवा. सवयीने लिहिलंही होतं, मग खोडलं. तुम्ही कळवलंत तरी मला काय कळणार?

व्हर्लिन श्रॉक